उलटी गणती, ठरलेली वेळ आणि आकाशातून पडलेली रिंग

वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या या सदरात यावेळी अवकाश उड्डाणांचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं बरीच आली. निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच होती: ठरल्या वेळी ही उड्डाणं होत का नाहीत? म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (नाशिक) : शुभांशू शुक्लांच्या ॲक्सिअम-४ उड्डाणाची वेळ १० जून २०२५ ला संध्याकाळी ५:५२ होती. ती ११ जूनला ५:३० झाली आणि शेवटी २५ जूनला दुपारी १२:०१ ला यान उडालं. अशा अडनिड्या वेळा कोण काढतं? हवा जरा बिघडली तर पाच-दहा मिनिटं थांबता येत नाही का?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. यानाला स्थानक गाठायचं तर त्याच कक्षेच्या प्रतलात चढावं लागतं. पृथ्वी फिरते तसा फ्लोरिडातला तळही फिरतो आणि दिवसातून दोनदा तो या प्रतलाच्या बरोबर खाली येतो. एका वेळी ईशान्येकडे झेप घेता येते, दुसऱ्या वेळी आग्नेयेकडे. आग्नेयेच्या वाटेवर बेटं आणि वस्ती असल्यामुळे ती संधी सोडून देतात. म्हणजे दिवसातला एकच क्षण उरतो. तारीख माणसं ठरवतात, वेळ मात्र भूमितीतून येते.

हा क्षण रोज अलीकडे सरकतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीमुळे स्थानकाचं प्रतल रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे वळतं. पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबात ही झाली २० मिनिटं. शिवाय ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २४ तासांपेक्षा ४ मिनिटं आधीच पुरी होते. एकूण साधारण २४ मिनिटं. तुम्ही दिलेल्याच वेळा तपासून पाहा. ११ ते २५ जून म्हणजे १४ दिवस आणि ५:३० वरून १२:०१ म्हणजे ३२९ मिनिटं. भागाकार साडेतेवीस येतो. पुढच्या वेळी उड्डाण पुढे ढकलल्याची बातमी आली की नवी वेळ तुम्ही स्वतःच काढू शकाल.

आता पाच मिनिटं थांबण्याचं. पाच मिनिटांत पृथ्वी सव्वा अंश फिरते आणि यान स्थानकाच्या प्रतलापासून जवळपास १ अंशाने चुकतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सेकंदाला ७.६७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यानाची दिशा १ अंशाने वळवायला सेकंदाला सुमारे १३४ मीटर इतका वेगबदल लागतो आणि त्याचं इंधन यानाच्या पोटातून जातं. रॉकेटकडे जोर शिल्लक असेल तर चढतानाच थोडं वळून ही चूक भरून काढता येते. अमेरिकेच्या जुन्या स्पेस शटल यानाला म्हणूनच साधारण १० मिनिटांची मुभा मिळायची.

शुक्लांना नेणाऱ्या फाल्कन-९ या स्पेसएक्सच्या रॉकेटला तीही नाही, कारण त्याचं इंधन. त्यातला द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या नेहमीच्या उत्कलनबिंदूवर ठेवत नाहीत. तो उणे २०७ अंशांच्या आसपास गार करतात. रॉकेलसारखं जे दुसरं इंधन आहे तेही उणे ७ अंशांपर्यंत थंड करतात. गार द्रव आक्रसतो आणि तेवढ्याच टाकीत जास्त मावतो. पण टाकीत पडल्यापासून तो तापायला लागतो. उड्डाण थांबवलं तर तो काढून पुन्हा भरावा लागतो आणि तोवर ठरलेला क्षण निघून जातो.

त्या जूनमध्ये तारीख हलली त्याची कारणं तीन होती. आधी हवामान. मग जमिनीवरच्या इंजिन-चाचणीनंतर रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सापडलेली ऑक्सिजनची गळती. ती दुरुस्त होते तोवर स्थानकाच्या रशियन ‘झ्वेज्दा’ भागातल्या जुन्या गळतीची तपासणी निघाली. यात कुणाचा ढिसाळपणा शोधण्यात अर्थ नाही. उलट, ऑक्सिजन गळत असताना उडवलं असतं तर तक्रारीला जागा होती.

सगळ्याच उड्डाणांना वेळेचं इतकं काटेकोर बंधन नसतं. दूरसंचार उपग्रहांना बहुधा तासभर किंवा जास्त सवड मिळते. पृथ्वीचे फोटो काढणारे उपग्रह मात्र एखाद्या जागेवरून रोज ठरावीक स्थानिक वेळीच जावेत, म्हणजे सावल्या सारख्या पडतील, अशी अट असते. इस्रोचं पीएसएलव्ही-सी३७ हे रॉकेट १५ फेब्रुवारी २०१७ ला १०४ उपग्रह घेऊन सकाळी ९:२८ ला निघालं त्यामागे हेच कारण होतं.

प्रश्न (डोंबिवली) : चंद्रयान-३ चं उड्डाण ४ सेकंदांनी पुढे ढकललं होतं असं वाचलं. ४ सेकंदांनी काय फरक पडतो?

खालच्या कक्षेतली वस्तू ४ सेकंदांत ३० किलोमीटर पुढे जाते. चढणाऱ्या यानाच्या वाटेत एखादा उपग्रह किंवा तुकडा अगदी जवळून जाणार असं गणितात दिसलं तर तो निघून जाईपर्यंत थांबतात. ४ सेकंद त्याला पुरतात. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० याच कारणाने ९:५८ ऐवजी रात्री १० वाजता उडालं.

प्रश्न (कोल्हापूर) : २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानची चाचणी ५ सेकंद उरले असताना थांबली. इतक्या शेवटी कशी थांबवतात? नेमकं कुठल्या क्षणापर्यंत थांबवता येतं?

थांबवणारा माणूस नसतो. श्रीहरिकोट्यात शेवटच्या साधारण पंधरा मिनिटांत सगळा क्रम संगणकाकडे जातो. झडप उघडली का, दाब पुरेसा आहे का, यानाची बॅटरी स्वतःवर चालते का, असे शेकडो आकडे तो वाचत राहतो आणि एक जरी मर्यादेबाहेर दिसला तरी क्रम गोठवतो. त्या दिवशी गडबड रॉकेटमध्ये नव्हती, निगराणी करणाऱ्या यंत्रणेत होती. ती शोधली, वायू पुन्हा भरले आणि १० वाजता उड्डाण झालं.

कुठल्या क्षणापर्यंत थांबवता येतं ते इंधनावर ठरतं. द्रव इंधनाचं इंजिन पेटवून पाहता येतं, न आवडल्यास बंद करता येतं. घन इंधनाला ती सोय नाही. पेटलेला भुईनळा जसा मध्येच विझवता येत नाही तसंच हे. म्हणून जिथे दोन्ही असतात तिथे रिवाज असा की द्रव इंजिनं आधी पेटवायची, जोर तपासायचा आणि शेवटी घन.

इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटमध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. बाजूचे चार द्रव बूस्टर उड्डाणाच्या ४.८ सेकंद आधी पेटतात. चौघांचा जोर ठीक असेल तरच मधला घन टप्पा पेटतो. २८ मार्च २००१ ला जीएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणात एका बूस्टरचा जोर पुरेसा चढला नाही. संगणकाने शेवटच्या सेकंदाला सगळं बंद केलं. धूर, ज्वाळा दिसल्या, पण रॉकेट जागच्या जागी उभं राहिलं. दोष काढून १८ एप्रिलला तेच रॉकेट उडालं. त्या दिवशीच्या बातम्यांनी याला अपयश म्हटलं. आमच्या मते ती त्या रॉकेटची पहिली यशस्वी कामगिरी होती. अमेरिकेच्या शटलची तीन मुख्य इंजिनं ६.६ सेकंद आधी पेटत. १८ ऑगस्ट १९९४ ला एका इंजिनाच्या पंपाचं तापमान वाढलं म्हणून १.९ सेकंद उरले असताना संगणकाने ती बंद केली.

गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा क्रम याहून वेगळा आहे. जमिनीवरून उठताना फक्त दोन एस-२०० हे घन बूस्टर पेटतात, प्रत्येकात २०० टनांहून जास्त इंधन. मधल्या टप्प्याची दोन ‘विकास’ इंजिनं जवळपास दोन मिनिटांनी, हवेत असताना पेटतात. म्हणजे शून्याच्या क्षणानंतर माघार नाही आणि विकास इंजिनं जमिनीवर पेटवून बघण्याचीही सोय नाही. त्यामुळे सगळी मदार आधीच्या चाचण्यांवर. वरच्या टप्प्याचं सीई-२० हे क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचं) इंजिन माणसांसाठी पात्र ठरवताना चार इंजिनांच्या मिळून ३९ चाचण्या झाल्या, ८,८१० सेकंद. नियमाप्रमाणे ६,३५० पुरेसे होते. (एस-२०० च्या पोलादी कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात आणि विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजकडे.)

घन इंधनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २२ ऑगस्ट २००३ ला ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर तयारी चालू असताना रॉकेटच्या चारपैकी एक घन मोटर अवचित पेटली. तळावरचे २१ तंत्रज्ञ गेले. उड्डाणाला अजून काही दिवस बाकी होते.

प्रश्न (ठाणे) : रशियात आधी इंधन भरतात, मग माणसं बसवतात. स्पेसएक्स आधी माणसं बसवून मग इंधन भरतं. यातलं सुरक्षित कुठलं?

धोका दोन्हीकडे आहे, फक्त तो वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतो.

रशियाच्या सोयूझमध्ये टाक्या भरल्यावर अवकाशवीर चढतात. दार लावणारे, पट्टे आवळणारे तंत्रज्ञ भरलेल्या रॉकेटच्या अंगाला खेटून काम करतात. पण भरण्याचा नाजूक टप्पा तोवर संपलेला असतो. फाल्कन-९ मध्ये चौघे अडीच तास आधी बसतात, दोन तास उरले असताना दार बंद होतं आणि तंत्रज्ञ निघून जातात. ४२ मिनिटं उरली की चढण्याचा पूल बाजूला होतो. मग यानाची सुटका यंत्रणा (संकटात माणसांची कुपी रॉकेटपासून दूर नेणारी) सज्ज केली जाते आणि त्यानंतर, ३५ मिनिटं उरली असताना, इंधन सुरू होतं. या क्रमाशी खेळ नाही. सुटका यंत्रणा सज्ज नसेल तर थेंबभरही इंधन भरायचं नाही.

हा वाद गाजला तो १ सप्टेंबर २०१६ च्या स्फोटानंतर. फ्लोरिडात माणूस नसलेल्या उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीसाठी इंधन भरताना फाल्कन-९ तळावरच फुटलं. दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमच्या बाटल्या असतात: आत ॲल्युमिनियम, बाहेरून कार्बनच्या धाग्यांचं वेटोळं. दोन्हींच्या मधल्या सुरकुत्यांत अतिथंड ऑक्सिजन अडकला आणि घर्षणाने पेटला. बाटल्यांची रचना आणि भरण्याची पद्धत बदलल्यावरच नासाने माणसांसाठी हा क्रम मान्य केला. बसलेल्यांजवळ पळून जायचं साधन आहे आणि बाहेर कुणीच नाही, हा युक्तिवाद आम्हाला पटतो. मात्र तो पूर्णपणे सुटका यंत्रणेच्या भरवशावर उभा आहे, हे विसरू नये.

प्रश्न (सातारा) : ही सुटका यंत्रणा माणसं आत असताना खरोखर कधी वापरावी लागली आहे का?

हो. दोन प्रसंग तपशिलात सांगण्यासारखे आहेत.

२६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत संघाचा बैकानूर तळ. व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव सोयूझमध्ये बसले होते. उड्डाणाला दीड मिनिट असताना एका झडपेच्या बिघाडाने इंधन सांडलं आणि आग लागली. आगीने पहिल्यांदा जाळल्या त्या नियंत्रणाच्या तारा. म्हणजे ज्या तारांतून सुटकेचा संदेश जायचा त्याच. उरला रेडिओचा मार्ग. त्यासाठी दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोघांनी ५ सेकंदांच्या आत आपापलं बटण दाबायचं, अशी रचना होती. चुकून कुणी एकाने दाबू नये म्हणून. दोघांनी दाबलं. वरचा सुटका मनोरा पेटला, कुपी उपटून निघाली आणि २ सेकंदांत खालचं रॉकेट फुटलं. आतल्या दोघांवर शरीराच्या वजनाच्या १४ ते १७ पट भार काही सेकंद पडला. साधारण ४ किलोमीटरवर ते उतरले. तळ जवळपास २० तास जळत होता.

यातलेच स्त्रेकालोव सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ ला, पुन्हा सोयूझमध्ये बसले. शेजारी होते युरी मालिशेव आणि राकेश शर्मा.

दुसरा प्रसंग ११ ऑक्टोबर २०१८ चा. अलेक्सेई ओव्हचिनिन आणि निक हेग. सोयूझचे चार बाजूचे बूस्टर सुमारे दोन मिनिटांनी सुटतात. प्रत्येकाच्या टोकाशी एक झडप असते. ती उघडली की उरलेला ऑक्सिजन बाहेर फवारतो आणि बूस्टरचं नाक मधल्या टप्प्यापासून दूर ढकललं जातं. एका बूस्टरची झडप उघडलीच नाही. तो सरळ मधल्या टप्प्याच्या टाकीवर आदळला. चौकशीत कारण निघालं: सुटल्याचं कळवणाऱ्या संवेदकाची छोटी दांडी जुळवणी करताना पावणेसात अंशांनी वाकली होती. बस, एवढंच. त्या वेळी वरचा मनोरा काही सेकंदांपूर्वीच टाकून दिलेला होता, त्यामुळे यानाच्या आवरणावर बसवलेल्या दुसऱ्या मोटारींनी कुपी ओढून काढली. दोघे कझाकस्तानात झेझ्काझ्गानजवळ सुखरूप उतरले आणि १४ मार्च २०१९ ला पुन्हा उडाले, तेही त्याच जातीच्या रॉकेटने.

गगनयानासाठी यात एक जास्तीची अट आहे. वर सांगितल्याप्रमाणे एस-२०० बंद करता येत नाही. त्यामुळे मागे पूर्ण जोराने जळत येणाऱ्या बूस्टरपेक्षा कुपीला जास्त वेगाने दूर काढावं लागतं. म्हणून सुटकेच्या मोटारीही घन इंधनाच्या, कमी वेळात प्रचंड जोर देणाऱ्या आहेत. खाली येताना १० पॅराशूट लागतात: वरचं झाकण काढणारी २, वेग मोडणारी २, मोठ्यांना बाहेर ओढणारी ३ आणि मुख्य ३. मुख्यांपैकी दोन उघडली तरी चालतं. २०२३ च्या चाचणीत कुपी समुद्रात पडल्यावर उलटी तरंगत होती. माणसं नेणाऱ्या कुपीत तिला सरळ करणारे फुगे असतात. त्या चाचणीच्या कुपीत ते नव्हते.

प्रश्न (रत्नागिरी) : कोकणाला एवढा समुद्र आहे. इथे प्रक्षेपण तळ का नाही?

समुद्र आहे, पण चुकीच्या बाजूला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तो वेग फुकट मिळतो. फ्रेंच गयानातल्या कुरूला (५.२ अंश उत्तर) सेकंदाला ४६३ मीटर, श्रीहरिकोट्याला (१३.७ अंश) ४५२, फ्लोरिडाला ४०९, बैकानूरला ३२४. रत्नागिरीला तो ४४५ च्या आसपास भरेल, म्हणजे अक्षांश उत्तमच आहे. पण पूर्वेकडे उडवलं की वाटेत अख्खा महाराष्ट्र आणि तेलंगण, आणि जळालेले टप्पे कुठेतरी पडणारच.

पश्चिमेकडे उडवलं तर ४४५ चा फायदा सोडाच, तेवढाच तोटा. पूर्वेकडच्या उड्डाणाच्या तुलनेत सेकंदाला ९०० मीटर जास्त वेग रॉकेटने स्वतः कमवायचा. इस्रायल हे करतो, कारण पूर्वेला शेजारी देश आहेत. १९८८ पासून त्याचे ओफेक उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे जातात आणि तेवढ्याच रॉकेटवर खूप हलके उपग्रह न्यावे लागतात. दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत उडवायचं म्हटलं तर त्या दिशेला लक्षद्वीप आणि मालदीव, शिवाय मुंबई आणि न्हावाशेव्याला येणारी जहाजांची वर्दळ.

श्रीहरिकोट्यालाही ही कटकट चुकलेली नाही. पीएसएलव्हीला दक्षिणेकडे जायचं असतं, पण सरळ वाटेवर श्रीलंका. म्हणून आधी आग्नेयेला जाऊन मग हवेत वळावं लागतं आणि या वळणात वजन नेण्याची बरीच क्षमता वाया जाते. छोट्या एसएसएलव्हीला तर हे परवडतच नाही. तमिळनाडूच्या टोकाला कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतो आहे (पायाभरणी फेब्रुवारी २०२४) तो यासाठीच. तिथून श्रीलंका डावीकडे राहते. पश्चिम किनारा अगदीच कोरा मात्र नाही. तिरुअनंतपुरमजवळच्या थुंबाहून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातलं पहिलं संशोधन रॉकेट उडालं. ते वर जाऊन समुद्रात पडायचं, कक्षेत जायचं नव्हतं, म्हणून तिथे चाललं.

प्रश्न (ब्रह्मपुरी) : २ एप्रिल २०२२ ला सिंदेवाही तालुक्यात लोखंडी रिंग आणि गोळे पडले होते. ते काय होतं? पुन्हा पडलं तर काय करावं?

त्या संध्याकाळी विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातून आकाशात जळते पट्टे दिसले आणि लाडबोरीला सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडली, पवनपारला गोळा. कक्षेचा माग ठेवणाऱ्यांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. असे रिकामे टप्पे वर्ष-सव्वा वर्ष फिरत, हवेच्या विरळ थराशी घासत खाली येतात. येण्याची जागा कुणाच्या हातात नसते.

सगळं जळतं आणि गोळेच का उरतात? दाबाखालचा वायू ठेवण्याच्या या टाक्या. त्या बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि टायटॅनियम वितळायला १,६६८ अंश लागतात. शिवाय पोकळ आणि गोल, त्यामुळे लवकर मंदावतात. ॲल्युमिनियमचा सांगाडा मात्र ६६० अंशांनाच जातो.

सापडल्यास हात लावू नका, आत वायू दाबाखाली असू शकतो आणि काही भागांत हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेलं असतं. माशांसारखा किंवा अमोनियासारखा वास आला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका. ढोरं आणि मुलं लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, पोलीस पाटील किंवा तहसीलदारांना कळवा. भंगारात देऊ नका: १९६७ आणि १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे वस्तूची मालकी उडवणाऱ्या देशाकडेच राहते. नुकसान झालं तर १९७२ च्या करारानुसार तोच देश भरपाईला बांधील आहे, चूक सिद्ध करण्याची गरज नाही. १९७८ मध्ये कॅनडात सोव्हिएत ‘कॉसमॉस-९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कोसळला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, ३० लाखांवर मिटलं. भरपाई सरकारमार्फतच मागावी लागते, म्हणून पंचनामा नीट व्हायला हवा.

टप्पा जबाबदारीने उतरवणं अशक्य नाही. जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा इस्रोने ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणला, त्यावर प्रयोग चालवले आणि मार्चमध्ये तो वातावरणात संपला.

प्रश्न (पणजी) : स्थानकावर यान बिघडलं तर दुसरं यान किती दिवसांत पोहोचतं?

ते कुणी किती तयारी ठेवली यावर आहे. रशियाच्या सोयूझ एमएस-२२ मधून डिसेंबर २०२२ मध्ये शीतक द्रव गळून गेला. बदली यान २४ फेब्रुवारी २०२३ ला रिकामं उडालं. चीन पुढचं रॉकेट आणि यान जिउच्युआन तळावर तयार ठेवतो. शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला अवकाशातल्या कचऱ्याच्या कणाने तडा गेला आणि ५ नोव्हेंबर २०२५ चं परतणं रद्द झालं. ते तिघे १४ तारखेला नव्या आलेल्यांच्या शेनझोऊ-२१ मधून परतले. पण मग वर राहिलेल्यांना भरवशाचं यान उरलं नाही, म्हणून शेनझोऊ-२२ माणसांशिवाय २५ नोव्हेंबरला रवाना झालं. अधलेमधले ते अकरा दिवस आमच्या मते यातला खरा जोखमीचा काळ होता.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी) : कॉलेजात छोटा उपग्रह बनवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

परवान्यापासून. बहुतेक जण सर्किटपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. रेडिओ वारंवारितेचं काम दूरसंचार विभागाकडे, उड्डाणाची परवानगी इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे, हौशी रेडिओचा पट्टा वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेशी समन्वय. ही पत्रं हलायला महिने लागतात, म्हणून पहिल्याच सत्रात अर्ज टाका.

आकार एक एककाचा, १० सेंटिमीटरचा घन. चार कोपऱ्यांवरच्या कडा किमान ८.५ मिलिमीटर रुंद आणि कठीण ॲनोडाइझ केलेल्या हव्यात, नाहीतर निर्वातात धातू उपग्रह सोडणाऱ्या डब्याला चिकटतो. डब्यात असताना वीज पूर्ण बंद ठेवणारा स्विच, आणि सुटल्यावर ३० मिनिटांनी अँटेना, ४५ मिनिटांनी प्रसारण. प्लास्टिक, डिंक, वायरचं आवरण यांतून निर्वातात वाफ निघते. वजनाच्या १ टक्क्याहून जास्त घट किंवा ०.१ टक्क्याहून जास्त चिकटणारी वाफ असलेला माल चालत नाही. बाजारातली पीव्हीसी वायर इथेच नापास होते.

बिघाड बहुधा तीन ठिकाणी. अँटेनाचा दोरा जाळणारी तार थंडीत पुरेशी तापत नाही: उणे २० अंशांत, निर्वातात, बॅटरी अर्धी असताना तपासा. विजेचा हिशेब कागदावर जमतो, पण उपग्रह गरगरत असताना पॅनेलवर ऊन निम्मंही पडत नाही. आणि जमिनीवरचं केंद्र उड्डाणाच्या आठवड्यात पहिल्यांदा चालू होतं. ते सहा महिने आधी उभारून दुसऱ्यांच्या उपग्रहांचे संदेश पकडायचा सराव करा. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ (पीएसएलव्ही-सी३४, २२ जून २०१६) जेमतेम १ किलोचा होता. दिशा राखायला त्यात मोटर नव्हती, चुंबक होते. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला. या दोन्ही गटांना भेटा. पहिल्याच उपग्रहात कॅमेरा घालायचा मोह टाळा. संदेश आला तरी पुष्कळ झालं.

प्रश्न (सोलापूर) : श्रीहरिकोट्याला उड्डाण बघायला कसं जायचं?

उड्डाणाच्या काही दिवस आधी इस्रो प्रेक्षागृहाची नोंदणी ऑनलाइन उघडतं. पैसे लागत नाहीत, पण जागा भराभर जातात. नोंदणीत दिलेलंच ओळखपत्र मूळ प्रत म्हणून सोबत ठेवा. रेल्वेने चेन्नईला उतरा, तिथून गुडूरच्या दिशेची लोकल सुल्लुरुपेट्याला नेते. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, का ते या सदरात वर आलंच आहे. दोन दिवस हाताशी ठेवा. ज्वाळा आधी दिसते, आवाज दर किलोमीटरला तीन सेकंद उशिरा येतो. ढग खाली असले तर रॉकेट अर्ध्या मिनिटात गायब होतं, म्हणून मोबाइलच्या पडद्यात डोकं घालून ते घालवू नका. हिवाळ्यात गेलात तर वाटेत पुलिकत सरोवरावर रोहित पक्षी दिसतात, आणि त्यांची वेळ सहसा पुढे ढकलली जात नाही.